‘कथित’ची कैफियत

मराठी वृत्तपत्रांत ‘कथित’ हे विशेषण आणि त्याच्यापासून बनविलेले ‘कथितरीत्या’ हे क्रियाविशेषण आज ज्या सढळपणे वापरले जाते, त्याविषयी वकील, भाषाचिकित्सक, पोलीस अधिकारी, स्त्री-संघटना आणि स्वतः वार्ताहर यांच्यात पुष्कळ दिवसांपासून मतभेद आहेत. हे मतभेद कधी फार गाजले नाहीत. परंतु मूलहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या सावलीसारख्या गावी बसून त्यांचा विचार करू लागले की त्यांचे स्वरूप निव्वळ शैलीच्या वादाचे राहात नाही. सावलीच्या पूर्वेस वैनगंगा आहे आणि वैनगंगेपलीकडे १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा काढलेला गडचिरोली जिल्हा. या पट्ट्यातील मोठी बातमी बहुधा अरण्यात घडते. तिला साक्षीदार थोडे असतात, तिचे पहिले निवेदन पोलीस खात्याकडून अगर वनखात्याकडून येते, आणि तालुक्याचा वार्ताहर घटनास्थळी पोहोचतो तो उशिरा, किंवा पोहोचतच नाही. अशा ठिकाणी कोणाच्या विधानाआधी संशयदर्शक शब्द घालावयाचा आणि कोणाचे विधान जसेच्या तसे छापावयाचे, हा निर्णय रोजच्या रोज, पुष्कळदा रात्रीच्या घाईत, कोणाच्या फारसे लक्षात न येता होत असतो. त्या निर्णयाची पूर्वपीठिका, त्याविषयीचे मुख्य पक्ष आणि अद्याप न सुटलेले मुद्दे एकत्र मांडावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका

ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून सांगण्याची सोय मराठीत जुनी आहे. बोलण्यातला ‘म्हणे’, लिहिण्यातले ‘असे कळते’, ‘अशी वदंता आहे’, ‘असे बोलले जाते’ हे सारे प्रयोग बोलणाऱ्याची जबाबदारी मर्यादित करतात. कचेरीच्या भाषेनेही आपली व्यवस्था केली होती : फिर्यादीत ‘मजकूर इसम’ येतो, जबानीत ‘मी समक्ष पाहिले’ आणि ‘मला असे समजले’ यांतला भेद नोंदला जातो, आणि पंचनाम्यात पंचांनी डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहावे अशी अपेक्षा असते. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले तेव्हापासून मराठी पत्रकार या दोन्ही साठ्यांतून शब्द घेत आला.

या सावधगिरीची खरी किंमत मराठी पत्रसृष्टीला कळली ती ‘केसरी’च्या दुसऱ्याच वर्षी. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांनी अल्पवयीन महाराजांविरुद्ध कारस्थान केल्याचे दर्शविणारी पत्रे हाती आली, ती खरी मानून टिळक-आगरकरांनी मजकूर छापला, बर्व्यांनी अब्रूनुकसानीचा खटला भरला आणि पत्रे बनावट असल्याचे निष्पन्न झाले. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांचे एकशे एक दिवस गेले. तुरुंगातील दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तक लिहिले आणि सुटून आलेल्या संपादकांचे जाहीर स्वागतही झाले. त्यामुळे या प्रकरणाची आठवण शौर्यकथा म्हणून राहिली. बातमीदारीच्या दृष्टीने मात्र त्यातला धडा निराळा होता : सद्भावनेने छापलेला आरोपही शहानिशा चुकली तर छापणाऱ्याच्याच माथी येतो.

‘कथित’ हा शब्द संस्कृतातला असला तरी त्याचा आजचा वृत्तपत्रीय अर्थ संस्कृतातून आलेला नाही. ‘सांगितलेला’ एवढाच त्याचा मूळ आशय. आरोप आहे पण सिद्ध झालेला नाही, हा अर्थ त्याला इंग्रजी तारांचे घाईघाईने भाषांतर करणाऱ्या संपादकीय मेजावर चिकटला असावा, असे मानण्यास जागा आहे. त्याचा चुलतभाऊ ‘तथाकथित’ हा तर उघड उपहासाचा शब्द. तरीही ‘तथाकथित आरोपी’ असा प्रयोग अधूनमधून छापून येतो, आणि तो वाचून आरोपीला दिलासा मिळाला की टोमणा, हे सांगणे कठीण होते.

कायद्याचे म्हणणे

पहिला पक्ष सावधगिरीचा आहे. वृत्तपत्रांना सल्ला देणारे वकील आणि ज्येष्ठ उपसंपादक तो मांडतात. दोष सिद्ध होईपर्यंत मनुष्य निर्दोष मानावयाचा हे फौजदारी न्यायाचे मूलतत्त्व आहे. बातमीत ‘खुनी’ असे लिहिले आणि पुढे तो सुटला, तर झालेली हानी भरून येत नाही. शिवाय अब्रूनुकसानी आपल्याकडे केवळ दिवाणी दाव्याचा विषय नसून फौजदारी गुन्हाही आहे. भारतीय दंड संहितेचे कलम ४९९ आणि ५०० सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी यांच्या याचिकेवर वैध ठरविले, आणि १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये चालू आहे. तालुक्याचा वार्ताहर बहुधा मानधनावर काम करतो. त्याच्यावर खटला झाला तर जिल्हा न्यायालयाच्या तारखा त्याला आपल्या खिशातून कराव्या लागतात. अशा माणसाने एक शब्द जास्त लिहून स्वतःचे रक्षण केले, तर त्याला भित्रा म्हणणे अन्यायाचे होईल.

परंतु हा शब्द खरोखर किती रक्षण करतो, याविषयी खुद्द कायदा फारसा आश्वासक नाही. दुसऱ्याने केलेल्या आरोपाची पुनरुक्ती करणाराही तो आरोप प्रसिद्ध करीतच असतो, हे तत्त्व जुने आहे. आणि पर्यायाच्या रूपात किंवा उपरोधाने केलेले विधानही अब्रूनुकसानी ठरू शकते, असे कलम ४९९ चे तिसरे स्पष्टीकरणच सांगते. याउलट न्यायालयीन कामकाजाचा सारतः खरा वृत्तांत देणाऱ्यास त्याच कलमाच्या चौथ्या अपवादाचा आधार मिळतो, मग त्यात ‘कथित’ असो वा नसो. म्हणजे संरक्षण मिळते ते आधार कोणता आणि वृत्तांत किती प्रामाणिक यांमुळे. हा शब्द त्या प्रामाणिकपणाची खूण फार तर ठरू शकेल. १९७८ च्या कायद्याखाली चालणारी भारतीय प्रेस परिषदही पडताळणी, प्रतिवादाची संधी आणि अनुमान व वस्तुस्थिती यांतील भेद यांवरच भर देते. तिच्या हाती मात्र समज देणे आणि निषेध नोंदविणे यांपलीकडे अधिकार नाहीत, आणि चित्रवाणी तिच्या कक्षेतच येत नाही.

भाषेचा आक्षेप

दुसरा पक्ष भाषेच्या अंगाने येतो. ‘त्याने कथितरीत्या घराला आग लावली’ हे वाक्य मराठी माणूस बोलत नाही, आणि त्यातून काय संशयास्पद आहे हेही कळत नाही : घर जळाले काय, लावलेल्या आगीने जळाले काय, की ती त्याने लावली काय? ‘त्याने घराला आग लावली, अशी फिर्याद शेजाऱ्याने दिली आहे’ असे म्हटले, तर घर जळाल्याचे निश्चित होते, आरोप कोणाचा ते समजते, आणि लिहिणाऱ्याने आपल्या पदरचे काहीच घातलेले नसते. इंग्रजी पत्रकारांच्या शैली-पुस्तिकांतही, विशेषतः असोशिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या पुस्तिकेत, त्यांच्याकडील या शब्दाविषयी असाच इशारा आहे : तो जपून वापरावा, आरोपाचा कर्ता सांगावा, आणि जी घटना घडल्याबद्दल वाद नाही तिला तो लावू नये. आपल्याकडे ‘कथित अपघात’ आणि ‘कथित मृतदेह’ असले चमत्कार जन्मतात ते या शेवटच्या विवेकाच्या अभावी.

या पक्षाला उत्तर नाही असे नाही. मथळ्यात ‘अशी फिर्याद शेजाऱ्याने दिली’ हे मावत नाही, आणि अनेक वाचक मथळ्यापुढे जात नाहीत. तेथे तीन अक्षरांचा एक शब्द काही नसण्यापेक्षा बरा, असे उपसंपादक म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात व्यवहार आहे. भाषाचिकित्सकही, माझ्या मते, ‘म्हणे’ची शिफारस करताना हे विसरतात की लेखनात त्या शब्दाला अविश्वासाचा, क्वचित थट्टेचा सूर येतो, आणि ज्या बाईचा मुलगा बेपत्ता आहे तिच्या विधानामागे ‘म्हणे’ जोडणे हे ‘कथित’पेक्षाही क्रूर ठरेल.

देसाईगंज

तिसरा पक्ष आरोप करणाऱ्यांचा, आणि त्याची बाजू समजण्यास या प्रदेशाबाहेर जावे लागत नाही. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन मजूर आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याची फिर्याद झाली. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपी पोलिसांना सोडले. शरीरसंबंध घडला, पण बलात्कार सिद्ध होत नाही, असे त्याचे म्हणणे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निर्णय फिरवून शिक्षा दिल्या. आणि ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये त्या पुन्हा रद्द केल्या. अंगावर जखमा नाहीत आणि प्रतिकाराचा पुरावा नाही, हा त्यातला मुख्य तर्क होता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर चळवळ उभी राहिली, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ताब्यातील स्त्रीवर झालेल्या बलात्काराचा स्वतंत्र गुन्हा, संमती नव्हती असे स्त्रीने सांगितल्यास ती नव्हती असे गृहीत धरण्याचा पुराव्याचा नियम, आणि पीडितेची ओळख छापण्यास मनाई करणारे कलम २२८-अ ही त्याची फळे होत. कायद्याच्या पुस्तकांत हे प्रकरण आजही त्या मुलीच्याच नावाने शिकवले जाते. ते नाव मी येथे घेत नाही.

या प्रकरणातून दिसते ते असे की एका गुन्ह्याच्या आरोपात किमान तीन प्रश्न गुंतलेले असतात : घटना घडली काय, ती याच माणसाने केली काय, आणि कायद्याच्या व्याख्येत ती तो गुन्हा ठरते काय. देसाईगंजला सत्र न्यायालयाच्या लेखी पहिल्याबद्दल वाद उरला नव्हता. सारा वाद तिसऱ्याचा, म्हणजे संमतीचा, होता. ‘कथित बलात्कार’ असे छापले की वाचक पहिलाच प्रश्न संशयात काढतो आणि फिर्याद करणारी खोटे बोलते आहे काय, याकडे त्याचे मन वळते. स्त्री-संघटनांचा आक्षेप नेमका येथे आहे. चोरीच्या बातमीत आपण ‘कथित चोरी’ लिहीत नाही, ‘चोरी झाली, संशयित ताब्यात’ असे लिहितो. मग संशय माणसापुरता ठेवण्याची ती रीत याच गुन्ह्यात का सुटते? याला वकिलांचे उत्तर असे की चोरीत माल गेलेला दिसतो, आणि संमतीच्या वादात घटनेचे स्वरूपच न्यायालयाने ठरवावयाचे असते. तेव्हा ‘बलात्कार झाला’ असे लिहिणे म्हणजे ताब्यात असलेल्या नामनिर्दिष्ट माणसाला दोषी ठरविणे होय. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. ‘बलात्काराची फिर्याद’ या शब्दांनी बराचसा मार्ग निघतो, पण तो मथळ्याचा प्रश्न पुन्हा उभा करतो.

चकमक आणि खबऱ्या

चौथा मुद्दा असमानतेचा, आणि तो या दोन जिल्ह्यांत सर्वांत टोचणारा आहे. एप्रिल २०१८ मध्ये भामरागडच्या बाजूला बोरिया-कसनासूरच्या जंगलात आणि त्यानंतर लगेच राजाराम खांदला परिसरात झालेल्या घटनांत मिळून चाळीसच्या आसपास माणसे मेली. काही मृतदेह इंद्रावतीच्या पात्रात मिळाले. पोलिसांनी या चकमकी असल्याचे व मृत नक्षलवादी असल्याचे सांगितले. गट्टेपल्लीच्या काही कुटुंबांनी आपली मुले लग्नाला निघाली होती असे सांगितले, आणि सत्यशोधन समित्यांनी ‘चकमक’ या शब्दावरच आक्षेप घेतला. आता बातमीची भाषा पाहावी. ‘चकमकीत नक्षलवादी ठार’ हे विधान म्हणून छापले जाते, आणि ‘ती मुले निरपराध असल्याचा कुटुंबीयांचा दावा’ हे दावा म्हणून. एका बाजूचे कथन वस्तुस्थितीच्या आसनावर बसते, दुसरीचे संशयाच्या पायरीवर. टीकाकारांचे म्हणणे असे की संशयदर्शक शब्द वापरणे वाईट नाही, तो एकाच दिशेने वापरणे वाईट आहे.

पोलीस दलाची बाजूही ऐकली पाहिजे. १ मे २०१९ रोजी जांभूळखेड्याजवळच्या भूसुरुंग स्फोटात पंधरा जवान आणि वाहनचालक मारले गेले. ज्या दलाने हे पाहिले त्याला प्रत्येक कारवाईआधी ‘कथित’ वाचणे अपमानास्पद वाटते, आणि शहरात बसलेल्या संपादकाचा संशय फुकटचा वाटतो. अधिकारी असेही सांगतात की संशयनिरसनाची रीत कायद्याने ठरवून दिली आहे : सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात, लोकस्वातंत्र्य संघटनेच्या याचिकेवर, चकमकीत मृत्यू झाल्यास गुन्हा नोंदवावा, स्वतंत्र तपास करावा आणि दंडाधिकारी चौकशी व्हावी असे बंधन घातले आहे. हा युक्तिवाद रास्त आहे. पण त्याचाच दुसरा अर्थ असा निघतो की चौकशी पुरी होईपर्यंत कायद्याच्या दृष्टीनेही ‘चकमक’ हे पोलिसांचे निवेदन आहे, आणि ‘पोलिसांनी दिलेल्या माहितीनुसार’ हे शब्द लिहिल्याने कोणाचा अपमान होऊ नये.

या सर्वांहून कमी चर्चिलेला एक प्रयोग आहे. गावातील एखाद्या आदिवासीला नक्षलवादी रात्री घरातून नेतात, ठार मारतात, मृतदेहाजवळ पत्रक टाकतात, आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते : ‘पोलीस खबऱ्या असल्याच्या संशयावरून हत्या’. येथे संशय कोणाचा? मारणाऱ्यांचा. बातमीने तो अनवधानाने उचलून मृताच्या नावाला कायमचा जोडलेला असतो, आणि ‘संशयावरून’ हा सावधगिरीचा शब्द येथे कोणाचेच रक्षण करीत नाही. विधवेला आणि मुलांना त्याच गावात राहावयाचे असते. पत्रकात तसा आरोप आहे, पोलिसांनी तो नाकारला आहे, कुटुंब असे म्हणते, ही तीन वाक्ये लिहिली तर चार ओळी वाढतात. त्या चार ओळी वाढवाव्यात असे मला वाटते.

वाघाची बातमी

थोडक्यात वाघाविषयी. सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या धानाच्या पट्ट्यात मोहफुले वेचायला किंवा गुरे चारायला गेलेले माणूस मरते तेव्हा वनखाते पंचनाम्यापूर्वी ‘वन्यप्राण्याच्या हल्ल्यात’ असे म्हणते. गावकरी वाघ पाहिल्याचे सांगतात. वृत्तपत्र ‘नरभक्षक’ लिहून मोकळे होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ ची भाषा ‘मानवी जीवितास धोकादायक’ अशी आहे. यवतमाळ जिल्ह्यातील ‘अवनी’ या वाघिणीवर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. तेराही मृत्यू तिच्याच हातचे काय, हा वाद न्यायालयापर्यंत गेला, आणि २ नोव्हेंबर २०१८ रोजी ती मारली गेल्यावरही थांबला नाही. वाघाला अब्रूनुकसानीचा दावा करता येत नाही, म्हणून त्याच्या बातमीत ‘कथित’ क्वचित दिसतो. या शब्दाचा वापर सत्याच्या काळजीने किती होतो आणि खटल्याच्या भीतीने किती, याचा याहून स्वच्छ पुरावा शोधण्याचे कारण नाही.

निकालानंतर

शब्द कधी घालावयाचा याची चर्चा पुष्कळ होते. कधी काढावयाचा याची फार थोडी. माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून प्रा. जी. एन. साईबाबा आणि त्यांचे सहआरोपी यांना गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने ७ मार्च २०१७ रोजी दोषी ठरविले. त्या दिवशी ‘कथित’ गळणे नियमाला धरून होते. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी नागपूर खंडपीठाने खटल्याच्या मंजुरीतील दोषामुळे त्यांची मुक्तता केली. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगित केली आणि पुढे प्रकरण फेरसुनावणीस धाडले. ५ मार्च २०२४ रोजी खंडपीठाने त्यांना पुन्हा निर्दोष सोडले. सहआरोपींपैकी पांडू नरोटे तोवर तुरुंगात वारले होते, आणि साईबाबांचे ऑक्टोबर २०२४ मध्ये निधन झाले. या सात वर्षांत एकाच माणसासाठी वृत्तपत्राने संशयित, दोषी, मुक्त, पुन्हा आरोपी आणि पुन्हा निर्दोष असे पाच प्रकारचे शब्द वापरावयास हवे होते. निर्दोष ठरल्यानंतर ‘कथित संबंध’ असे लिहिणे म्हणजे संशय जिवंत ठेवणे, असे एक मत. राज्याने पुढे अपील केले तर वाद उरतोच, आणि आरोप काय होता हे वाचकाला सांगणे इतिहासाचा भाग आहे, असे दुसरे. मला पहिले मत जवळचे वाटते, पण दुसऱ्याचा खोडा केवळ शब्दच्छल नाही.

अनिर्णित

काही प्रश्न उघडेच आहेत. सप्टेंबर २०१८ मध्ये भीमा-कोरेगाव प्रकरणातील अटकांविरुद्ध रोमिला थापर आणि इतरांनी केलेल्या याचिकेवर दिलेल्या भिन्नमतपत्रिकेत न्या. चंद्रचूड यांनी पोलिसांच्या पत्रकार परिषदांवर ताशेरे ओढले. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुशांतसिंह राजपूत प्रकरणाच्या वार्तांकनासंबंधीच्या याचिकांवर माध्यमांच्या समांतर खटल्यांना न्यायदानातील अडथळा म्हटले. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनी माध्यमांना माहिती कशी द्यावी याची नियमावली तयार करण्याचे निर्देश केंद्रीय गृह मंत्रालयाला दिले. म्हणजे न्यायालयांचे लक्ष वार्ताहराच्या लेखणीकडून तिला शाई पुरविणाऱ्याकडे वळू लागले आहे. परंतु नियमावली कितीही चांगली झाली तरी तालुक्याच्या ठाण्यातून भ्रमणध्वनीवर येणारी प्रेसनोट, जी पुष्कळदा आरोपीच्या छायाचित्रासह येते आणि जी शब्दशः छापण्याचा मोह रात्री साडेनऊला अनावर असतो, तिच्या बाबतीत या नियमावलीचा अंमल कोणी व कसा करावयाचा हे ठरलेले नाही.

मथळ्याला निराळा नियम असावा काय, यावर एकमत नाही. आरोपाची बातमी पहिल्या पानावर आणि मुक्ततेची आतल्या पानावर चार ओळींत, या जुन्या दुखण्यावर समान जागेचा उपाय अनेकदा सुचविला गेला आहे, पण तो संपादकीय स्वातंत्र्यात हस्तक्षेप ठरतो असे संपादक म्हणतात. आणि माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या साक्षीदाराचे कथन दुभाष्यामार्फत मराठीत येते, तेव्हा ‘मी पाहिले’ आणि ‘मी ऐकले’ यांतला भेद बातमीपर्यंत टिकतो काय, याचा पद्धतशीर विचार मराठी पत्रकारितेच्या अभ्यासात व्हावयाचा आहे. तो होईपर्यंत ‘कथित’चा वाद नागपूर-मुंबईच्या मेजांवर चालत राहील आणि ज्याचे कथन, त्याला त्यात साक्षीलाही बोलावले जाणार नाही.